लच्छूचा दगड

दिवाळी झाली की प्रफुल सरांच्या पायाला चाकं फुटतात. ब्रह्मपुरीच्या ऑफिसात वर्षभर फायलींवर मान टाकून बसणारा हा माणूस कार्तिकात गाडीची टाकी फुल करतो आणि जाहीर करतो, "चला, आपला वारसा पाहू." वारसा म्हणजे काहीही. एके वर्षी वैरागडचा किल्ला, एके वर्षी भद्रावतीची लेणी. पडकी भिंत दिसली की सर गाडी थांबवणार, हात मागे बांधून तिच्याभोवती फेरी मारणार आणि म्हणणार, "हे पाह्यले कोनी येत नाई. आपल्या लोकायले कदरच नाई." सोबतच्यांना कदर यायच्या आधी भूक येते, म्हणून त्यांच्या बायको नीलाबाई डबे भरून मागच्या सीटवर बसलेल्या असतात.

यंदा गाडीत दोन माणसं जास्तीची होती. एक अंकुश, ऑफिसातला ऑपरेटर, ज्याचं एक बोट कायम मोबाइलवर असतं आणि ज्याची जीभ त्या बोटापेक्षाही चालते. दुसरी दिव्या. नोकरीला लागल्यापासून तिला असं कोणी कुठे बोलावलंच नव्हतं. सर टेबलापाशी येऊन म्हणाले, "दिव्या, तू बी चाल न. मार्कंडा, अहेरीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिरोंचा. तुह्याच भागात जाऊन राह्यलो," तेव्हा तिला इतका आनंद झाला की हो म्हणून झाल्यावरच तिला आपलं खोटं आठवलं. आदल्याच आठवड्यात तिने गावी आत्याला फोनवर सांगितलं होतं, सुट्टी नाही, यायला जमत नाही.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दिव्याचं गाव आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलात. माडिया आदिवासींची थोडी घरं. आई तिच्या लहानपणीच गेली. बाप लच्छू आणि विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या मंगली, या दोघांनी तिला वाढवलं, आश्रमशाळेत घातलं, तिथून ब्रह्मपुरीच्या कॉलेजात धाडलं. लच्छू गेल्या हिवाळ्यात वारला. उन्हाळ्यात गावाने त्याच्या नावाचा दगड उभा केला. दगड उभा करणं म्हणजे त्यांच्याकडे मोठं काम असतं, सगेसोयरे जमतात, लांबून दगड ओढून आणतात. दिव्या गेली नाही. ट्रेनिंग होतं, हे खरंच होतं, पण मागितली असती तर सुट्टी मिळाली असती, हेही खरंच होतं. चुलतभाऊ रोशनने फोटो पाठवला. तिने तो ऑफिसात उघडला, डाव्या बाजूने खांदा उतरल्यासारखा दिसणारा उंच दगड आणि त्याच्या पुढ्यात आडवी फरशी. तेवढ्यात अंकुश शेजारी येऊन उभा राहिला आणि तिने फोटो पुसून टाकला.

त्यांच्या कुळात नवं धान आधी मेलेल्यांना देतात, मग जिवंत माणसं खातात. आणि ज्याचा दगड त्या वर्षी उभा राहिला, त्याला पहिली मूठ त्याच्या लेकराने द्यायची. लच्छूला लेकरू एकच. आत्या फोनवर रागावली नव्हती. ती म्हणाली होती, "ये जमेल तेव्हा. आम्ही थांबतो." म्हणजे घरात धान कापून पडलं होतं आणि रोशनची पोरं मागच्या वर्षीचा किडका तांदूळ खात होती. दिव्याने स्वतःची समजूत घातली होती की एखाद-दोन आठवड्यांनी काय बिघडतंय. आणि एक गोष्ट मात्र ती इमानाने पाळत होती. दिवाळीत ब्रह्मपुरीच्या ज्या ज्या घरी तिच्यापुढे नव्या धानाचे पोहे आले, तिथे तिने ॲसिडिटी आहे म्हणून बशी परत केली होती.

ऑफिसात तिने काय सांगितलं होतं? आम्ही अहेरीचे. बाबा फॉरेस्टात होते. खोटं म्हणाल तर खोटं नव्हतं. लच्छू जन्मभर फॉरेस्टातच होता, बांबू तोडायला. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे खाकी कपडे आणि सरकारी क्वार्टर उभं राहिलं, आणि दिव्याने ते राहू दिलं. कोणी तिला टाकून बोललं होतं असंही नाही. जेवणाच्या सुट्टीत अंकुश कधीतरी म्हणायचा, "तिकडचे लोक अजून जंगलीच हायेत रे बाप्पा," सगळे हसायचे, आणि हसणाऱ्यांत तीही असायची. या हसण्याची तिला रात्री खोलीवर परतल्यावर लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हसायची.

पहिला दिवस बरा गेला. मार्कंड्याच्या देवळात सरांनी एकेका मूर्तीपुढे उभं राहून भाषण दिलं, वैनगंगेच्या काठावर नीलाबाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे काढले. अहेरीला पोचल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "दिव्या, तुहं घर दाखव न वं. चहा तरी पिऊ." दिव्या म्हणाली, घराला कुलूप आहे, भाऊ सासुरवाडीला गेलाय. नीलाबाईंना वाईट वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माय-बाप नसले का घर असंच होते." त्या हाताखाली दिव्याला चोरासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीच्या चौकात गाडी सरळ जायची होती. सिरोंचाकडे. तो रस्ता तिच्या गावाकडे जात नाही, म्हणून तर ती आली होती. पण अंकुशचं बोट मोबाइलवर होतं.

"सर, भामरागड रोडवर उभे दगड हायेत म्हन्ते. मोठमोठाले. पुराने जमान्यातले."

"कुठी?"

"हे पाहा न, कोन तरी फोटो टाकला हाये."

सरांनी गाडी कडेला घेतली, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर महापाषाण! तीन-तीन हजार वर्सांचे असतेत हे. सिरोंचा कुठी पळून जात नाई."

"सर, उशीर होईल," दिव्या म्हणाली. "आणि तो रस्ता खराब आहे."

"तुले कसं माहीत?"

"ऐकलंय."

"मंग पाहूनच घेऊ," सर म्हणाले आणि गाडी डावीकडे वळली.

रस्ता खराब नव्हताच. दोन्ही अंगांनी सागवान उभे, मधून ऐन आणि मोह, पहाटेची धुई नुकतीच उठलेली. जंगल संपून जरा मोकळं झालं की पिकलेल्या धानाचे तुकडे लागत आणि पुन्हा जंगल. नीलाबाई सारख्या म्हणत होत्या, "किती छान वं, किती छान." दिव्या खिडकीबाहेर पाहत नव्हती. एकेक वळण तिला पाठ होतं. नाल्यावरचा पूल गेला, आश्रमशाळेचा फाटा गेला. दगड दुसऱ्या कुठल्या तरी गावचे असोत, एवढंच ती मनात म्हणत राहिली. माणूस असा नवस करायला लागला की समजावं, आता सुटका नाही.

गाडी थांबली ती तिच्या गावाच्या अलीकडच्या मोहापाशी.

पाच-सहा दगड होते, बरेचसे शेवाळलेले, कललेले. त्यांच्या कडेला, रस्त्याला सगळ्यात जवळ, एक दगड स्वच्छ आणि ताठ उभा होता. डाव्या बाजूने खांदा उतरलेला. पुढ्यात आडवी फरशी. लच्छूचा डावा खांदाही बांबूच्या ओझ्याने उतरलेला होता. रोशनने तसाच दगड शोधून आणला असावा. फोटोत तो केवढा तरी लहान वाटला होता. आता त्याच्यापुढे उभं राहिल्यावर दिव्याला रडू आलं आणि ते आल्यापावली परतवावं लागलं, कारण अंकुश मोबाइल घेऊन म्हणत होता, "मॅडम, जरा बाजूले व्हा न, फ्रेममधी येऊन राह्यले तुमी."

"हा पाहा," सर दगडाला हात लावून म्हणाले, "हा सगळ्यात मोठा. राजा असन कोनी त्या काळचा."

आणि नीलाबाईंनी फरशीकडे पाहिलं. गुडघे दुखणाऱ्या बाईला जंगलात बसायच्या उंचीची सपाट जागा मिळाली तर ती काय करणार? त्यांनी फरशीवर पेपर अंथरला, त्यावर डबा ठेवला, थर्मास ठेवला. डबा उघडला. यंदाच्या हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचे पोहे, घरच्या शेतातले, सकाळी रेस्ट हाउसच्या चुलीवर परतलेले. कांद्याचा वास सुटला.

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. काकू, इथे नको, हा माझ्या बाबांचा दगड आहे. दिव्याने ते वाक्य मनात दोनदा जुळवलं. मग त्या वाक्यामागून येणारी सगळी वाक्यं तिला दिसली. म्हणजे तू माडिया? मग अहेरीचं घर? मग भाऊ, सासुरवाडी? कालचा पाठीवरचा हात? आणि अंकुश सोमवारी ऑफिसात काय सांगेल?

नीलाबाईंनी बशी तिच्या हातात दिली.

"नको काकू, ॲसिडिटी..."

"कालपासून काई खाल्लं नाईस तू. चेहरा पाह्य कसा झाला. मले राग येईन आता. खाय."

सगळे तिच्याकडे बघत होते. दिव्याने एक घास उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. बापाच्या पुढ्यात, त्याच्याच फरशीवरून, त्याला मिळायच्या आधी. घास गिळताना तिला वाटलं की बापाला दिसतंय. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती हॉस्टेलवर मैत्रिणींना सांगायची. तो सगळा शहाणपणा त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. तिला तोंड लपवायला जागा सापडेना.

तेवढ्यात मागच्या पायवाटेने एक म्हातारी आली. डोक्यावर धानाची पेंढी, हातात विळा, गुडघ्यापर्यंत लुगडं. मंगली आत्या होती.

तिने आधी गाडी पाहिली, मग माणसं, मग दिव्या. आणि तिचं तोंड असं फुललं की ते पाहण्यापेक्षा थप्पड परवडली असती. ती माडियात म्हणाली, "आलीस? सुट्टी मिळाली?" मग तिची नजर दिव्याच्या हातातल्या बशीवर गेली, तिथून फरशीवरच्या डब्यावर.

"काय म्हन्ते वं ते?" नीलाबाईंनी विचारलं. "तुले येते यायची भाषा?"

"थोडी. अहेरीच्या बाजारात ऐकून."

"वा! मंग विचार न तिले," सर पुढे झाले. "हा दगड किती जुना हाये, कोनाचा हाये."

दिव्या आत्याकडे वळली. माडियात, हळू आवाजात ती म्हणाली, "आत्या, मी पुढच्या आठवड्यात येते. आत्ता काही बोलू नकोस."

"बरं," आत्या म्हणाली.

"काय म्हन्ली?"

"म्हणते," दिव्याने सरांना सांगितलं, "खूप जुना आहे. तिच्या आजोबांच्याही आधीचा."

मंगली आत्या दर हप्त्याला अहेरीच्या बाजारात मोह आणि चिंच विकते. तिला मराठी येतं, चांगलं येतं, भाव करण्यात ती व्यापाऱ्यांना हार जात नाही. दिव्याला हे ठाऊक होतं. आत्याने शब्द न् शब्द ऐकला, हेही तिला ठाऊक होतं.

सरांचं मात्र समाधान झालं नाही. संशोधक माणूस. ते थेट आत्यालाच म्हणाले, "बाई, खरंच कोनाचा हाये हा, काई आठवते का? नाव-गाव?"

आत्याने दगडाकडे पाहिलं. ज्या भावाला तिने कडेवर खेळवलं, म्हातारपणी खाटेवर भरवलं, त्याच्याकडे. मग म्हणाली, "मले नाई माहीत जी. जुना हाये."

दिव्याला वाटलं, जमीन दुभंगावी. सीतेची सोय होती, तिची नव्हती.

"थकली असन बिचारी," नीलाबाई म्हणाल्या. मनाने बाई खरोखर चांगली. त्यांनी एका बशीत भरपूर पोहे काढले आणि आत्यापुढे धरले. "घे वं बाई, खाय. नव्या धानाचे हायेत."

आत्याने मान हलवली.

"घे न. लाजू नोको."

आत्याने पुन्हा मान हलवली आणि एक पाऊल मागे सरकली. अंकुश म्हणाला, "ते नाई घेत काकू. ते लोक आपल्या हातचं नाई खात."

नीलाबाईंचा चेहरा पडला. "काऊन? आमच्या हातचं नाई चालत का? दिव्या, विचार न वं तिले, का चुकलं आमचं?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. आता हिला पुन्हा खोटं बोलावं लागणार, हे म्हातारीने ओळखलं असावं. तिने पेंढी डोक्यावरून उतरवली, विळा खाली ठेवला, तळहात लुगड्याला पुसला आणि बशीसाठी पुढे केला.

"आत्या, नोको खाऊ!"

दिव्या मराठीतच इतक्या जोरात ओरडली की मोहावरची पाखरं उडाली. बशी नीलाबाईंच्या हातातून पडली, पोहे मातीत सांडले.

"आत्या?" सर म्हणाले.

"माझी आत्या आहे," दिव्या म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मी अहेरीची नाही. हे पुढे दिसतं ते माझं गाव. आणि हा दगड जुना नाही, सर. उन्हाळ्यात उभा केलाय. माझ्या बाबांचा आहे. लच्छू नाव होतं त्यांचं. त्यांना दिल्याशिवाय घरात कोणी नवं धान खात नाही. मी खाल्लं."

मग नीलाबाई एकदम हलल्या. डबा, थर्मास, बशा, पेपर, सगळं त्यांनी पदरात कोंबलं. त्या घाईत फरशीवर सांडलेला चहा त्या हाताने पुसायला लागल्या आणि पुसता पुसता रडायला लागल्या. "मायबाई, मी त्यायच्या डोक्शावर जेवन मांडलं वं. मले माहीत नोतं, खरंच माहीत नोतं." सरांनी बूट काढले. अंकुशने मोबाइल खिशात घातला, ही त्याच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट.

"पन तू काऊन नाई सांगतलं?" सरांनी विचारलं. रागाने नाही.

"लाज वाटत होती."

"कायची? अवं, यात लाजन्यासारखं काय हाये? हे तर वैभव हाये आपलं."

सरांच्या वैभवात राजा बसत होता, महापाषाण बसत होते. बांबू तोडणारा लच्छूही बसला असता, सर तसे मोठ्या मनाचे. दिव्यानेच त्याला बसू दिलं नव्हतं. दुसऱ्या कोणावर ढकलावं असं काही उरलंच नव्हतं, आणि हे कळल्यावर लाज कमी झाली नाही, वाढली.

ती आत्याजवळ गेली. पेंढीतली एक लोंबी उपटून तिने तळहातावर चोळायला घेतली. "मी देते आत्या," ती माडियात म्हणाली. "आत्ता देते."

आत्याने तिचा हात धरला. "तू खाल्लंस ना?"

"खाल्लं."

"मग तुझ्या हातून नाही होत आता."

आत्या ओरडली असती, तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर दिव्याने त्या आनंदाने झेलल्या असत्या. पण आत्याचा आवाज नेहमीसारखाच होता. दूध नासलं की ती जशी म्हणायची, नासलं, तसाच. तिने दिव्याच्या तळहातावरचे दाणे बोटाने झाडून टाकले.

"पोरं किती थांबतील?" ती म्हणाली. "मी देते. तू तिकडे उभी राहा."

तिकडे म्हणजे गाडीकडे, सर आणि अंकुश उभे होते तिथे. दिव्या जाऊन उभी राहिली. तिला नियम माहीत होता, लहानपणापासून माहीत होता. ज्याला लेकरू नाही, त्याला बहीण देते.

मंगली आत्या दगडापुढे उकिडवी बसली. लुगड्याच्या पदराने तिने फरशी पुसली, पेंढीतल्या लोंब्या ओढल्या, दोन्ही तळहातांत चोळल्या, फुंकर मारून भूस उडवलं. सोनेरी दाण्यांची मूठ तिने फरशीवर ठेवली. मग दगडावर तळवा टेकवून ती माडियात बोलली, मोठ्याने, जसं कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात.

नीलाबाई दिव्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळे पुसत त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हन्ते वं?"

या वेळी दिव्याने जसंच्या तसं सांगितलं. "म्हणते, लच्छू, पोरगी आली आहे तुझी. तिनेच आणलंय. खा."

"खरं हाये न मंग," नीलाबाई म्हणाल्या. "आलीच न तू."

"नाही काकू," दिव्या म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलतेय ती बाबांशी."